उंबेलिनाचा पाय

लांप्रेया साफ करायची तर ती उंबेलिनानेच, हे पोर्तुगालमधल्या रिबादेल गावात सगळ्यांना मान्य होते. हा मासा दिसायला साप. त्याला जबडा नाही, नुसते गोल तोंड, आणि त्यात आतपर्यंत दातांच्या रांगा. दुसऱ्या माशाला चिकटायचे आणि त्याचे रक्त पीत जगायचे, हा त्याचा संसार. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाआधी तो समुद्रातून नदीत चढतो तेव्हा माणसे चार गावे ओलांडून तो खायला येतात, पण साफ करायचा म्हटले की सुना पाठ फिरवतात. अंगावरचा बुळबुळीत थर कढत पाण्याने सुटा करून खरवडायचा, पोटातली आतड्याची दोरी न तोडता एका ओढीत काढायची, आणि रक्त न सांडता तांबड्या वाइनमध्ये धरायचे. उंबेलिना हे सगळे उघड्या हातांनी करी. जिवंत लांप्रेया तिच्या मनगटाला चिकटली तर बोटाने अलगद सोडवी आणि म्हणे, "सोड गं बाई, मला एक चिकटलेला पुरे आहे."

तिला किळस म्हणजे काय ते ठाऊक नाही, असे गावातल्या बायका म्हणत. ते खरे नव्हते. तिला एका गोष्टीची किळस होती, आणि ती गोष्ट रोज सकाळी तिच्यासमोर बसून कॉफीत मक्याचा पाव बुडवून खात असे.

आदेलिनो, तिचा नवरा, धंद्याने सुतार. पण सुतार म्हणून त्याला कोण ओळखणार? कॉन्सर्टिना ही छोटी, दोन्ही हातांनी ओढायची पेटी गळ्यात अडकवून तो लग्नांत गात असे. गाणी बरीच येत, पण लोक बोलावत ते एकाच गाण्यासाठी. ते कुणी रचले, कुणालाच माहीत नव्हते. आदेलिनोने ते इतकी वर्षे गायले होते की त्याचेच झाले होते. त्याचा अर्थ साधा होता. प्रियकर म्हणतो, तुझ्या उशाशी बसून मी म्हातारा होईन, तुझे दुखणे माझ्या ओठांनी टिपून घेईन, आणि देवाने एकालाच बोलावले तर दाराशी दोघे येऊ. शेवटच्या ओळीला आदेलिनोचा आवाज चिरकत असे आणि डाव्या डोळ्यातून पाणी येत असे. पाणी पुसता पुसता तो कोण कोण रडते आहे ते उजव्या डोळ्याने पाहून घेई. हे फक्त उंबेलिनाला दिसे, कारण ती त्याच लग्नांत स्वयंपाकाला असे आणि भटारखान्याच्या दारातून त्याची ती बाजू नेमकी समोर येई.

माणूस वाईट नव्हता. हीच तर अडचण होती. त्याने कधी हात उगारला नाही, परक्या बाईच्या वाटेला गेला नाही, कमाई घरात आणून दिली. तक्रार करायची तर कशाची? एकदा उंबेलिना तापाने फणफणली होती. हा दारूच्या गुत्त्यात बसून सगळ्यांना सांगत होता की बायकोच्या काळजीने मला झोप नाही, आणि सांगता सांगता तिथेच टेबलावर डोके टेकून घोरू लागला. लोकांनी त्याला घरी आणून पोचवले आणि तापातल्या उंबेलिनाला म्हणाले, "बाई, नशीबवान आहेस. बघ किती दमलाय तुझ्यासाठी."

तिने उठून त्याचे बूट काढले.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती. मुलगी ओदेत फ्रान्समध्ये राहत असे. वयाच्या अठराव्या वर्षी गेली, तिथे एका पोर्तुगीज प्लंबरशी लग्न केले, आता तिचे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिने फोनवरूनच सगळे ठरवून टाकले. चर्चमध्ये प्रार्थना, मग नदीकाठच्या खानावळीचा मोठा हॉल, नव्वद पाहुणे.

"आणि बाबांचं गाणं," ओदेत म्हणाली. "आणि मग तुम्ही दोघांनी…"

"मी काय?"

"आई, सगळे ताटल्या वाजवणार. तुला माहीतच आहे."

उंबेलिनाला माहीत होते. त्या मुलखात लग्नाच्या पंगतीत कुणीतरी एक जण काट्याने ताटलीवर टकटक करतो, मग दुसरा, मग सगळा हॉल, आणि नवरा-नवरीने उठून ओठांना ओठ लावेपर्यंत तो गदारोळ थांबत नाही. नवरा-नवरीचे झाले की त्यांच्या आईबापांची पाळी येते. नाही म्हणायची सोय नाही. आजवर कुणी म्हटलेले नाही.

"मी लांप्रेयाचा भात करीन," उंबेलिना म्हणाली. "तो खानावळवाला रक्ताचा चिखल करून ठेवतो."

"आई, तुझ्याच समारंभात तू स्वयंपाक करणार?"

"माझा समारंभ आहे ना? मग मला आवडेल ते करू दे."

फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतले. ताटलीवर काटा वाजण्याचा नुसता विचार आला तरी ती तोंड धुवायला उठे, आणि त्याला कारण होते.

ओदेत नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. शेजारच्या गावी लग्न होते. त्या काळी लग्ने नवरीच्याच अंगणात होत. मागच्या छपरीत दगडी जमिनीवर चुली, त्यांवर तीन पायांची लोखंडी भांडी. उंबेलिना आणि फेलिसमिना डुकराचे मटण चरबीत तळत होत्या. फेलिसमिना ओदेतची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. एका भांड्याचा पाय दगडावरून सटकला, भांडे कलंडले आणि उकळती चरबी उंबेलिनाच्या उजव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ओतली गेली. फेलिसमिनाने पाण्याची बादली उपडी केली, मोजा कापला, ओले फडके टाकले. नवऱ्या मुलाच्या मामाकडे गाडी होती. तो चावी घेऊन फाटकाकडे पळाला. कुणीतरी आत जाऊन आदेलिनोच्या कानात सांगितले.

आदेलिनो तेव्हा गाण्याच्या मध्यावर होता. त्याने पेटी थांबवली. चेहरा पांढरा पडला, हे खरे. तो काही नाटक करत नव्हता. पण मग त्याने पाहुण्यांकडे तोंड केले आणि म्हणाला, "मंडळी, माझी बायको आत भाजली आहे. हे गाणं तिच्यासाठी." आणि त्याने गाणे पहिल्यापासून सुरू केले.

अंगणात एकही डोळा कोरडा राहिला नाही. शेवटच्या ओळीला कुणीतरी ताटलीवर काटा वाजवला.

मग सगळ्यांनी वाजवले. चार तरुण छपरीत आले आणि उंबेलिनाला खुर्चीसकट उचलू लागले. फेलिसमिना ओरडली, "अरे मेल्यांनो, गाडी तिकडे आहे." ते म्हणाले, "हो हो, एकच मिनिट." गाडी फाटकाशी फुरफुरत होती. मामा स्टिअरिंगमागे बसून तोही दारावर बोटांनी ताल धरत होता. खुर्ची पंगतीच्या मधोमध ठेवली गेली, ओल्या फडक्याखालून पाण्याबरोबर कातडीचे काहीतरी फरशीवर ठिबकत होते, आणि आदेलिनो पेटी पाठीवर टाकून वाकला. त्याच्या मिशीला भाजलेल्या कोकराची चरबी होती, ओठ वाइनने चिकट होते, आणि त्याला अश्रू येत असल्यामुळे नाकही ओले होते. ते सगळे तिच्या तोंडावर आले आणि तिथेच राहिले, कारण लोक टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या संपेपर्यंत आदेलिनो बाजूला होत नसे.

पायाची आग मागाहून विझली. तो ओलसरपणा राहिला.

इस्पितळात ती बरेच दिवस होती. आदेलिनो एकदा पेटी घेऊन आला, वॉर्डात गाणे म्हटले, नन्स रडल्या. त्याने चादर उचलून पाहिली नाही. "मला बघवत नाही गं," तो म्हणाला. "मी हळव्या मनाचा माणूस." घरी आल्यावर उंबेलिनाला वाकता येत नसे. संध्याकाळी शाळेतून आलेली ओदेत जमिनीवर बसून तिच्या पायाला मलम लावी. कातडी कोंबडीच्या कातडीसारखी सुरकुतली आणि चकाकू लागली. पोरीने कधी नाक मुरडले नाही. आदेलिनो त्या वेळी अंगणात जाई. पुढे उंबेलिना जाड मोजे घालू लागली, उन्हाळ्यातही, अंथरुणातही, आणि आदेलिनोने कारण विचारले नाही.

गावाने मात्र त्या लग्नाची गोष्ट करून टाकली. गोष्टीत गाडी उशिरा आली होती. गोष्टीत उंबेलिनानेच त्याला हाक मारली होती. लग्न ठरले की आया पोरींना सांगत, "नवरा मिळावा तर आदेलिनोसारखा. बायको भाजली तर वेदना ओठांनी टिपल्या त्याने." ओदेतने ही गोष्ट फ्रान्सला नेली. तिथल्या आपल्या माणसांच्या लग्नांत वडिलांच्या गाण्याची कॅसेट लागे, आणि ती उठून सगळ्यांना सांगे, हे माझे आईबाबा. परक्या मुलखात जिने लोकांच्या फरश्या पुसल्या, तिला एवढी एक गोष्ट मिरवायला होती. उंबेलिनाने ती हिरावून घेतली नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी फेलिसमिना मदतीला आली. खानावळीच्या मागच्या दगडी टाकीत लांप्रेया टाकीच्या भिंतीला तोंडे लावून चिकटल्या होत्या.

"बघ, तुझे सासरचे जमलेत," फेलिसमिना म्हणाली.

"कोमाद्रे, मला ते करायचं नाहीये."

"काय, भात?"

"उद्या ताटल्या वाजतील ते."

फेलिसमिनाने एक लांप्रेया ओढून काढली. चपकन आवाज झाला. "एक क्षणाचं काम. डोळे मीट आणि संत अंतोनियोचं नाव घे."

"डोळे मिटले की वास जास्त येतो."

"मग नाही म्हण."

"कुणाला? नव्वद माणसांना? ओदेत कॅमेरावाला घेऊन आलीये. त्या क्षणाचा फोटो ती भिंतीवर लावणारे. मोठा करून."

"तुझा नवरा मरेल ना," फेलिसमिना सुरी पुसत म्हणाली, "तर आधी एक डोळा उघडून बघेल, माणसं जमलीत का. नसतील तर थांबेल."

उंबेलिना हसली. बरेच हसली. मग हसू ओसरले आणि ती टाकीकडे पाहत राहिली. "माझी काय वाईट सवय आहे माहितेय? मी त्याचा कप दोनदा धुते. मी भाजले त्या लग्नापासून. आधी सगळ्यांबरोबर, मग एकदा वेगळा."

"त्याला ठाऊक आहे?"

"त्याला वाटतं मी टापटिपीची आहे."

दुसऱ्या दिवशी चर्चमधले सगळे नीट पार पडले. पाद्रीने आदेलिनोला पोर्तुगालमधला शेवटचा खरा प्रियकर म्हटले आणि आदेलिनोने मान खाली घातली. मिशी त्याने सकाळीच काळी केली होती. तो रंग वरच्या ओठाच्या कडेला जरासा उतरला होता. उंबेलिनाला प्रार्थनाभर तेवढेच दिसत होते.

हॉलमध्ये पोचताच तिने चांगल्या पोशाखावर ॲप्रन बांधला आणि मागे गेली. ओदेत मागोमाग आली. "आई, भात वाढून झाला की बाहेर ये. खुर्ची ठेवलीये मधोमध. तेव्हासारखी."

उंबेलिनाचा हात भांड्यावर थांबला. "कुठली खुर्ची?"

"अगं तेव्हाची. तू भाजलीस त्या लग्नातली. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, बाबा तसंच गातील, आणि तुला चार नातू आणतील उचलून. मज्जा."

"मला चालता येतं."

"ते माहितेय. पण तसंच हवंय ना."

"ओदेत, मला हे नको आहे."

ओदेत हसली. म्हातारी माणसे लाजली की हसावे तसे. "एक पापी आहे आई. तुझ्याच नवऱ्याची." तिने आईच्या गालावरचा पिठाचा डाग पुसला आणि गेली.

भात काळपट तांबडा, पातळ, दाणा दाण्याला न चिकटलेला, असा उतरला. मातीच्या भांड्यांतून तो बाहेर गेला आणि थोडा वेळ हॉलमध्ये फक्त जेवण्याचा आवाज होता. मग पेटीचा सूर आला. उंबेलिनाने चुलीशीच उभे राहून सगळे गाणे ऐकले. सत्त्याहत्तर वर्षांचा आवाज नेमक्या जागी चिरकला. लोकांनी नाके ओढली.

टक. टक टक.

मग सगळा हॉल. भटारखान्यातल्या फळीवरची झाकणेही थरथरू लागली. नातू हसत आत आले. उंबेलिनाने त्यांना हाताने बाजूला केले आणि स्वतःच्या पायांनी बाहेर गेली. ॲप्रनवर लांप्रेयाचे रक्त होते. आदेलिनो खुर्चीशी हात पसरून उभा होता, डावा डोळा ओला, आणि तो ओठांवरून जीभ फिरवत होता.

ती खुर्चीवर बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. दोघांत हातभर अंतर राहिले तेव्हा तिने तळहात वर केला. काटे जरा मंदावले.

"आदेलिनो, एक विचारते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी पुढच्या टेबलांना ऐकू गेले. "कोणता पाय?"

"काय?"

"भाजला तो. कोणता?"

आदेलिनो हसला. त्याने पाहुण्यांकडे पाहिले. गाणाऱ्याला प्रश्न आला की तो आधी लोकांकडे पाहतो. "अगं बाई, मला तुझे दोन्ही पाय सारखेच प्रिय."

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडले, "शाब्बास आदेलिनो."

"ते झालं. कोणता?"

आता तो थांबला. तिच्या घागऱ्याकडे, खालच्या जाड मोज्यांकडे पाहिले. दोन्ही पायांवर सारखेच मोजे होते. त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याबरोबर मिशीचा रंग आणखी थोडा खाली उतरला.

"डावा," तो म्हणाला. मग खात्रीने, छातीवर हात ठेवून, "डावा. इथे, माझ्या काळजाच्या बाजूचा."

"वाह," पाद्री म्हणाला.

नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांतूनच काटे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात. त्यांना ते उत्तर फार आवडले होते. बरोबर की चूक हे कुणाला माहीत नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. फेलिसमिना टेबलाच्या टोकाला बसून छताकडे पाहत होती.

ओदेत कॅमेरावाल्याच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात काटा आणि ताटली होती. तिने एकदा ताटलीवर काटा वाजवला, पुन्हा वाजवायला हात उचलला, आणि हात तसाच राहिला. ती आईच्या मोज्यांकडे पाहू लागली, मग स्वतःच्या बोटांकडे, जणू त्यांना काही लागले आहे.

आदेलिनो ओठ पुढे करून वाकला. उंबेलिना त्याच्या ओठांकडे पाहत होती. रंगाची काळी रेघ, वाइन, भाताचे रक्त. "पुरे," ती त्याला म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याने. "इतकी वर्षं पुरे झालं." आणि ती वळून भटारखान्यात गेली. मागे हशा उसळला. "लाजली," बायका म्हणाल्या. "अजून लाजते बघा." आदेलिनोने खांदे उडवले, पेटी पुढे घेतली आणि रिकाम्या खुर्चीपुढे गुडघा टेकून दुसरे कडवे सुरू केले. त्याचाही फोटो चांगला आला असणार.

उंबेलिना मोठ्या भांड्याच्या तळाचा भात खरवडत होती तेव्हा दार उघडून ओदेत आत आली. तिने दार लावून घेतले आणि पाठ टेकून तिथेच उभी राहिली. बाहेरून कुणीतरी दार ढकलले. "ओदेत, आईला पाठव की." ओदेतने पाय रोवले.

"ती येणार नाही," ती दाराआडून म्हणाली. "तुम्ही जेवा."

बाहेर कडवे संपले, टाळ्या झाल्या.

"उजवा," ओदेत म्हणाली.

"हो."

"मी मलम लावायचे. पिवळं. त्याला कापराचा वास यायचा. मी विसरलेच होते आई. मी सगळ्यांना ती दुसरीच गोष्ट सांगत राहिले."

"ती चांगली गोष्ट आहे," उंबेलिना म्हणाली. "तुला तिकडे उपयोगी पडली."

"तुला काय वाटायचं गं?"

उंबेलिनाने उत्तर द्यायला पळी खाली ठेवली. सुचले ते बहुतेक शब्द मुलीला तिच्या बापाबद्दल सांगण्यासारखे नव्हते. "किळस," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही नाही. फक्त किळस वाटायची. आणि ती चांगल्या माणसाची वाटते म्हणून स्वतःचीही."

तिने ॲप्रनचे टोक घेऊन ओठ पुसले. आज त्यांना कुणी शिवले नव्हते, तरी दोनदा पुसले. मग दोन ताटल्यांत भात वाढला आणि एक मुलीपुढे सरकवली.

"काटा नको," ओदेत म्हणाली. "चमचा दे."

"घे. गार झाली की लांप्रेया खाववत नाही."

दोघी उभ्याउभ्याच जेवल्या. बाहेर गाणे तिसऱ्यांदा सुरू झाले होते.